रवींद्रनाथ ठाकूर यांचे पहिले मोठे दुःख

आजाराने मनुष्य गेला म्हणजे शेजारीपाजारी त्या घरी जमतात, डोळे पुसतात, दोन दिवस भाकरी पुरवितात. परंतु ज्या घरातील कोणी आपल्या हाताने आपले जीवित संपविले, त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन पुष्कळ लोक मागे फिरतात. काय बोलावे हे त्यांस सुचत नाही. आणि घरचेही लाजेने दार लावून बसतात. अशा दुःखाच्या काळोखातून मनुष्य वाट कशी काढतो, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने कविवर्य रवींद्रनाथ ठाकूर यांच्या आयुष्याकडे पाहावे. आपले राष्ट्रगीत त्यांनी रचिले, हे लहान मुलासही ठाऊक आहे. पण तरुणपणी त्यांच्यावर कोणता घाला पडला, हे थोड्यांस ठाऊक आहे.

रवींद्रनाथांचा जन्म ७ मे १८६१ रोजी कलकत्त्यास जोडासांको येथील ठाकूरवाड्यात झाला. वडील महर्षी देवेंद्रनाथ हे ब्राह्म समाजाचे पुढारी असून बहुधा प्रवासात असत. घर मोठे, माणसे पुष्कळ. पण हयात भावंडांत सर्वांत धाकट्या या मुलाचे बाळपण नोकरांच्या देखरेखीखालीच गेले. १८६८ साली त्यांचे वडील बंधू ज्योतिरिंद्रनाथ यांचे लग्न झाले व कादंबरीदेवी नावाची सुमारे नऊ वर्षांची मुलगी सून म्हणून त्या वाड्यात आली. रवींद्र तेव्हा सात वर्षांचे होते. पुढे १८७५ साली त्यांची आई वारली, तेव्हा याच वहिनीने त्या पोरक्या मुलास जवळ घेतले, खाऊपिऊ घातले व त्याचे मन रमविले.

दोघांस वाचनाची सारखीच गोडी. दुपारच्या वेळी रवींद्रांनी मासिकातील कथा मोठ्याने वाचावी, वहिनींनी हातपंख्याने वारा घेत ऐकावे, आणि त्या वाऱ्याचा थोडा वाटा वाचणाऱ्यासही मिळावा, असा क्रम असे. रवींद्र कविता करू लागले, तेव्हा पहिली ऐकणारी त्याच. पण त्यांनी सहसा स्तुती केली नाही. बिहारीलाल चक्रवर्ती या कवीची सर तुला यावयाची नाही, असे म्हणून त्या दिराला चिडवीत. त्यामुळे तो अधिक झटून लिही. १८८३ साली रवींद्रनाथ काही दिवस कारवार येथे राहिले. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ त्या वेळी तेथे न्यायाधीश होते, व तो प्रांत तेव्हा मुंबई इलाख्यात मोडत असे. त्याच वर्षी ९ डिसेंबर रोजी त्यांचा विवाह मृणालिनीदेवींशी झाला.

यानंतर जेमतेम चार महिने लोटले. १८८४ च्या एप्रिल महिन्यात कादंबरीदेवींनी आत्महत्या केली. त्यांचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते. त्या भरल्या घरात त्यांस मूलबाळ नव्हते, व एकटेपण पुष्कळ होते. लोकांनी तर्क अनेक केले, आणि अजूनही करितात. पण अशा मृत्यूच्या एकाच कारणावर बोट ठेवणे रास्त नव्हे. मनुष्याच्या मनात पुष्कळ दिवस साठलेले ओझे बाहेरच्यांस दिसत नाही. ठाकूर घराण्याने ही गोष्ट दाबून टाकिली व वाड्यात मौन पसरले.

रवींद्रनाथ तेव्हा तेवीस वर्षांचेही नव्हते. पुढे १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी या काळाविषयी लिहिले आहे. सूर्य, चंद्र, झाडे, माणसे सर्व जागच्या जागी होती. मात्र त्या सर्वांहून जे अधिक खरे वाटत होते तेच एका क्षणात नाहीसे झाले. जे उरले आणि जे गेले, त्यांचा मेळ कसा घालावा हे त्यांस समजेना. ते जाडेभरडे वस्त्र अंगावर टाकून व पायांत चपला घालूनच पुस्तकांच्या दुकानी जात. पावसात व थंडीतही ते तिसऱ्या मजल्यावर उघड्यावर निजत. लोकांस तो वेडेपणा वाटला असेल. पण तो शोकच होता. शोकास आपला काळ घेऊ दिला, हे त्यांनी योग्य केले.

हळूहळू त्यांस असे आढळून आले की, मृत्यूने केवळ हिरावून नेले नाही, तर दूर उभे राहून जगाकडे पाहण्याची दृष्टीही दिली. ज्यास आपण घट्ट धरून ठेवितो त्याचे रूप आपणास नीट दिसत नाही, हे त्यांनी त्या दिवसांत ओळखिले. दुःख संपले असा याचा अर्थ नव्हे. वैष्णव पदांच्या धर्तीवर भानुसिंह या टोपणनावाने रचिलेली पदे छापावी, अशी वहिनींची इच्छा होती. ती पदे त्यांनी १८८४ सालीच छापिली व त्यांसच अर्पण केली. घर मुके राहिले, पण त्यांनी वहिनींची आठवण पुसू दिली नाही.

या दुःखाने त्यांचे मन इतरांच्या मुक्या दुःखाकडे वळले, असे त्यांच्या लिखाणावरून दिसते. १८९० च्या सुमारास ते शिलाईदह येथे जमीनदारी पाहू लागले आणि पद्मा नदीकाठच्या खेडुतांत राहिले. तेथे त्यांनी हुंड्यापायी सासरी झिजून मेलेल्या सुनेची कथा लिहिली. १९०१ साली सुखवस्तू घरात एकट्या पडलेल्या एका पत्नीची कथा आली. १९१४ साली, कोणी थारा न दिल्यामुळे जीव देणाऱ्या एका मुलीची, आणि तिच्या मरणाने डोळे उघडून घर सोडणाऱ्या स्त्रीची कथा त्यांनी लिहिली. मेलेलीस दोष न देता, तिच्यावर ही पाळी कोणी आणिली, असे त्या कथा आपणास विचारतात.

पुढेही मृत्यूने त्यांची पाठ सोडिली नाही. १९०२ साली पत्नी, १९०३ साली कन्या रेणुका, १९०५ साली वडील आणि १९०७ साली धाकटा पुत्र शमींद्र असे एकामागून एक गेले. तरी १९०१ साली काढिलेली शांतिनिकेतनातील शाळा त्यांनी चालविली. १९१० साली बंगाली गीतांजली प्रसिद्ध झाली, १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९२२ साली खेड्यांच्या सुधारणेसाठी श्रीनिकेतनाचे काम सुरू झाले. १९४० साली, वयाच्या एकुणऐंशीव्या वर्षी, त्यांनी बाळपणावर एक लहान पुस्तक लिहिले. त्यात त्या वहिनी, तो हातपंखा व ती थट्टा हे सर्व ताजे आहे. छपन्न वर्षांनीही प्रीती आटली नव्हती. दुसऱ्याच वर्षी, ७ ऑगस्ट १९४१ रोजी, ते निवर्तले.

उपदेशक बंधूंनो, आपल्या गावीही असे लागलेले दार असेल. तेथे जा. कारणे विचारू नका, निवाडा करू नका. गेलेल्याचे नाव प्रेमाने घ्या, आणि वर्ष उलटल्यावरही पुन्हा जा. ज्याचे ओझे असह्य झाले आहे असा कोणी भेटल्यास त्यास एकटे सोडू नका. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते, हे त्यास सांगा व स्वतः फोन लावून द्या. कादंबरीदेवींच्या भोवती माणसे पुष्कळ होती. जवळ बसून ऐकणारा एकजण आपल्या वस्तीत तरी असावा.