लुइजी गॅल्व्हानी

लेखणी उचलावी असे मनात येते न येते तोच आपली बोटे तिच्याकडे वळतात. मेंदू डोक्यात, बोटे हाताच्या टोकाशी. मग मेंदूची आज्ञा स्नायूंपर्यंत पोहोचते तरी कशी? शरीरभर पसरलेल्या पांढऱ्या धाग्यांसारख्या मज्जातंतूंमधून ती जाते, हे प्राचीन काळच्या वैद्यांनाही ठाऊक होते. परंतु ती कोणत्या रूपाने जाते, हे गूढच होते. मज्जातंतू म्हणजे पोकळ नळ्या असून त्यांतून एक अतिसूक्ष्म, अदृश्य असे प्राणतत्त्व वाहते, अशी समजूत युरोपात शेकडो वर्षे रूढ होती. ही समजूत मोडून सत्याची वाट दाखविण्याचा मान इटलीतील एका शांत, सश्रद्ध वैद्याकडे जातो. त्यांचे नाव लुइजी गॅल्व्हानी.

गॅल्व्हानी यांचा जन्म ९ सप्टेंबर १७३७ रोजी बोलोन्या या नगरात झाला. तेथील विद्यापीठ युरोपातील अत्यंत जुन्या विद्यापीठांपैकी एक होय. लहानपणी गॅल्व्हानी यांचा ओढा धर्माकडे होता आणि आपण संन्यस्त जीवन पत्करावे असे त्यांना वाटत असे. पुढे त्यांनी वैद्यकाचा अभ्यास स्वीकारला व १७५९ साली ते पदवीधर झाले. रुग्णांची सेवा, विद्यार्थ्यांना शरीररचनेचे अध्यापन आणि उरलेल्या वेळी प्रयोग, असा त्यांचा जीवनक्रम बनला. १७६२ साली त्यांचा विवाह आपल्या गुरूंच्या कन्येशी झाला. लूचिया ही विदुषी होती. पतीच्या संसारात ती जशी सहभागी झाली, तशीच त्यांच्या प्रयोगांतही झाली.

त्या काळी विजेविषयी सर्वत्र मोठे कुतूहल होते. काचेवर घर्षण करून वीज उत्पन्न करणारी यंत्रे विद्वानांच्या घरी असत. गॅल्व्हानी यांच्या प्रयोगशाळेतही असे एक यंत्र होते. १७८१ च्या सुमारास एके दिवशी मृत बेडकाचे मागील पाय त्यांच्या मज्जातंतूंसह सोलून मेजावर ठेवले होते. एका साहाय्यकाने शस्त्राचे टोक सहज त्या मज्जातंतूस लावले. तोच ते निर्जीव पाय एकाएकी आखडले! दुसऱ्या एका साहाय्यकाच्या ध्यानात आले, की नेमक्या त्याच क्षणी दूर ठेवलेल्या यंत्रातून ठिणगी उडाली होती. 

असा चमत्कार पाहून पुष्कळांनी क्षणभर आश्चर्य केले असते आणि तो विसरूनही गेले असते. गॅल्व्हानी यांनी तसे केले नाही. तोच प्रयोग त्यांनी नाना प्रकारे पुन्हा पुन्हा करून पाहिला. आकाशातील विजेनेही असेच घडेल काय, हे पाहण्यासाठी त्यांनी बेडकाचे पाय बाहेर मोकळ्या हवेत टांगले. वीज चमकताच पाय आखडू लागले. परंतु पुढे १७८६ साली याहूनही नवलाची गोष्ट घडली. आकाश निरभ्र होते. पितळी आकड्यांना अडकविलेले पाय लोखंडी कठड्यावर लटकत होते. तो आकडा कठड्यावर दाबताच पाय आखडले! जवळ ना यंत्र, ना मेघ. मग ही वीज आली कोठून?

गॅल्व्हानी यांनी अनुमान काढले, की ती प्राण्याच्या शरीरातच असली पाहिजे. मेंदूपासून मज्जातंतूंच्या द्वारे वीज स्नायूंत जाते, तेथे ती साठते आणि तिला वाट मिळाली की स्नायू आकुंचन पावतो, असा त्यांचा सिद्धान्त होता. परंतु तो प्रसिद्ध करण्याची घाई त्यांनी केली नाही. पहिल्या निरीक्षणानंतर सुमारे दहा वर्षांनी, १७९१ साली, त्यांनी आपला ग्रंथ लॅटिन भाषेत प्रकाशित केला. प्रयोगांत साथ देणारी लूचिया मात्र तो पाहावयास उरली नव्हती. त्यापूर्वीच तिचे निधन झाले होते.

ग्रंथ प्रसिद्ध होताच युरोपभर खळबळ उडाली. पाव्हिया येथील प्राध्यापक आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी हे प्रयोग स्वतः करून पाहिले. आरंभी त्यांना गॅल्व्हानी यांचे म्हणणे पटले; पुढे शंका आली. आकडा पितळेचा आणि कठडा लोखंडाचा. तेव्हा वीज बेडकातून येत नसून दोन भिन्न धातूंच्या संयोगातून येते आणि बेडकाचा पाय ती केवळ दाखवितो, असे ते म्हणू लागले. गॅल्व्हानी यांनी वादाला प्रयोगानेच उत्तर दिले. १७९४ साली त्यांनी धातूचा स्पर्शही होऊ न देता, कापलेल्या मज्जातंतूचे टोक नुसते स्नायूला टेकविले. तरीही स्नायू आखडला!

हा वाद चालू असतानाच इटलीवर राजकीय संकट कोसळले. १७९६ साली नेपोलियनच्या सैन्याने बोलोन्या जिंकले आणि पुढच्या वर्षी त्या प्रदेशात नवे प्रजासत्ताक स्थापन झाले. विद्यापीठातील प्रत्येक अध्यापकाने नव्या राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यावी, असे फर्मान निघाले. ती शपथ गॅल्व्हानी यांच्या धर्मश्रद्धेला मानवणारी नव्हती. चार शब्द उच्चारले असते तर त्यांचे पद आणि वेतन सुखरूप राहिले असते. पण मनात नसलेले शब्द मुखाने उच्चारण्याचे त्यांनी नाकारले. १७९८ साली त्यांना पदास मुकावे लागले आणि त्यांनी आपल्या भावाच्या घरी आश्रय घेतला. पुढे शासनाने त्यांची योग्यता जाणून त्यांना पूर्वपदावर घेण्याचे ठरविले; परंतु तो निर्णय अंमलात येण्यापूर्वीच, ४ डिसेंबर १७९८ रोजी, त्यांची प्राणज्योत मालवली.

दोघांपैकी खरे कोण ठरले? नवल असे, की दोघेही काही अंशी खरे ठरले आणि दोघेही काही अंशी चुकले. दोन धातूंपासून वीज मिळते, हे व्होल्टा यांचे म्हणणे खरे होते. त्यातूनच त्यांनी १८०० साली जगापुढे विजेची पहिली बॅटरी ठेवली. परंतु प्राण्याच्या शरीरात स्वतःची वीज असते, हे गॅल्व्हानी यांचे म्हणणेही खरे होते. मज्जातंतूतून विद्युत्-संदेश धावतो, हे पुढच्या शतकात निर्विवाद सिद्ध झाले. १८५० साली जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूतील संदेशाचा वेग मोजला. तो सेकंदाला सुमारे २७ मीटर भरला.

तथापि मेंदूतील वीज नळातील पाण्याप्रमाणे वाहत येऊन स्नायूत साठते, ही गॅल्व्हानी यांची कल्पना टिकली नाही. मज्जातंतूच्या पातळ आवरणातून सोडियम व पोटॅशियम यांचे विद्युत्-भारित कण आतबाहेर करतात आणि या क्रियेची लाट पुढे पुढे सरकत जाते. मज्जातंतू व स्नायू यांमध्ये अतिसूक्ष्म फट असते. तेथे ही लाट थांबते आणि मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन पाझरते. ते फट ओलांडून स्नायूला जागे करते. मग स्नायूत नवी विद्युत्-लाट उठते, आत साठविलेले कॅल्शियम मोकळे होते, स्नायूतील सूक्ष्म तंतू एकमेकांत सरकतात आणि स्नायू आखूड होतो. हे सारे निमिषार्धात घडते. तेव्हा कोठे आपली बोटे लेखणीकडे वळतात.

विजेचा सूक्ष्म प्रवाह दाखविणाऱ्या उपकरणास आज गॅल्व्हानोमीटर म्हणतात, तर विजेचा दाब व्होल्टमध्ये मोजतात. जे दोघे एका बेडकाच्या पायावरून आयुष्यात एकमत होऊ शकले नाहीत, त्यांची नावे विज्ञानाने अशी शेजारी शेजारी जपून ठेविली आहेत.