लेकींची पाठवणी आणि ओझू

यासुजिरो ओझू या जपानी दिग्दर्शकाने आयुष्यभर लग्नाचे आणि घरसंसाराचे चित्रपट काढले. स्वतः मात्र लग्न केले नाही. मला या माणसाविषयी कुतूहल वाटू लागले ते त्यामुळेच.

१२ डिसेंबर १९०३ रोजी टोकियोत एका खतांच्या व्यापाऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. तो लहान असतानाच वडील धंद्यासाठी टोकियोत राहिले आणि आई मुलांना घेऊन मात्सुसाकाला गेली. अभ्यासापेक्षा सिनेमाचा नाद अधिक. पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेत नापास झाल्यावर त्याने डोंगरातल्या एका खेड्यात वर्षभर मास्तरकी केली. १९२३ मध्ये तो शोचिकू कंपनीत कॅमेऱ्याचा मदतनीस म्हणून लागला आणि १९२७ मध्ये दिग्दर्शक झाला. मध्यंतरी चीनमध्ये शिपाईगिरीही करून आला.

त्याचा १९४९ चा ‘लेट स्प्रिंग’ पाहिल्यापासून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. विधुर प्राध्यापक आणि त्याची मुलगी नोरिको सुखात राहत आहेत. तिला लग्न नकोच आहे. शेवटी बाप आपण दुसरे लग्न करणार असे खोटेच भासवतो, आणि मुलगी नाइलाजाने बोहल्यावर चढायला तयार होते. हे खोटे बोलणे योग्य की अयोग्य? आमच्या मित्रमंडळींत बहुतेकांनी बापाची बाजू घेतली. मला ते पटत नाही. ओझूने लग्नाचा सोहळा दाखवलाच नाही, नवरदेवही दाखवला नाही. दाखवला तो रिकाम्या घरात सफरचंद सोलत बसलेला बाप. कॅमेरा नेहमीप्रमाणे चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेइतका खाली. बापाच्या युक्तीला शाबासकी द्यायची असती तर हा प्रसंग कशाला हवा होता?

शिवाय नोरिकोला जे हवे होते तेच ओझूने स्वतः केले, हे विसरून चालणार नाही. १९३४ मध्ये वडील वारल्यावर तो आईजवळच राहिला, अखेरीस उत्तर कामाकुरात. १९६२ मध्ये आई गेली तेव्हा तो आणि त्याचा जुना सहलेखक कोगो नोदा आणखी एका विधुराची आणि त्याच्या लेकीच्या लग्नाचीच कथा लिहीत होते. तोच त्याचा शेवटचा चित्रपट, ‘ॲन ऑटम आफ्टरनून’.

१२ डिसेंबर १९६३ रोजी, साठाव्या वाढदिवशीच, कर्करोगाने ओझूचे निधन झाले. कामाकुरातल्या एंगाकुजी मंदिराच्या आवारात त्याची समाधी आहे. तिच्यावर नाव नाही, ‘शून्य’ अशा अर्थाचे एकच अक्षर कोरलेले आहे. नोदाबरोबर लिहिताना मद्याच्या बाटल्या रिचवणाऱ्या या माणसासाठी चाहते आजही तिथे बाटल्या ठेवून जातात.