बालगंधर्व

बालाघाटाच्या डोंगरातील मांजरसुंब्यासारखे गाव असो की कोकणातील एखादी वाडी असो, भारुडाचा किंवा दशावताराचा खेळ रंगू लागला म्हणजे एक दृश्य हटकून दिसते. एखादा पुरुष लुगडे नेसून, डोक्यावरून पदर घेऊन पुढे येतो आणि सून, सासू किंवा राणी होऊन बोलू लागतो. बघणाऱ्या बायका आधी हसतात; पण सोंग चांगले वठले तर थोड्या वेळाने त्याच बायका डोळ्यांना पदर लावतात. पुरुषाने स्त्रीचे सोंग घेण्याची ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. या रीतीला ज्यांनी आपल्या साधनेने श्रेष्ठ कलेचे रूप दिले, असे एक थोर नट महाराष्ट्रात होऊन गेले. त्यांचे नाव नारायण श्रीपाद राजहंस. सारा महाराष्ट्र त्यांना बालगंधर्व या नावाने ओळखतो.

नारायणाचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. घरची स्थिती बेताची होती. परंतु देवाने त्याला गोड गळा दिला होता. ऐकलेले गाणे तो चटकन उचलीत असे. तो लहान असताना पुण्यात लोकमान्य टिळकांपुढे त्याचे गाणे झाले. त्या मुलाचा सुरेल आवाज ऐकून लोकमान्य प्रसन्न झाले आणि त्यांनी त्याला बालगंधर्व असे संबोधिले. गंधर्व म्हणजे स्वर्गातील गायक. कौतुकाने दिलेले ते नाव पुढे जन्मभर त्याच्याबरोबर राहिले.

त्या काळची मराठी रंगभूमी कशी होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय बालगंधर्वांचे कार्य समजणार नाही. सन १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीस पहिले मराठी नाटक रंगभूमीवर आणले. सन १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी ‘शाकुंतल’ हे संगीत नाटक पुण्यात केले. या नाटकांत सीता, शकुंतला, सुभद्रा अशा नायिका होत्या. पण त्यांच्या भूमिका पुरुष किंवा कोवळ्या वयाची मुलेच करीत. घरंदाज स्त्रीने चारचौघांत गाणे किंवा रंगभूमीवर उभे राहणे समाजाला मुळीच मान्य नव्हते. ज्या थोड्या स्त्रिया गात किंवा नाचत, त्यांची कला लोक आवडीने पाहत; पण त्यांना घरात मान देत नसत. म्हणून प्रत्येक नाटक मंडळीत स्त्रीभूमिका करणारे नट असत. त्यांना स्त्रीपार्टी नट म्हणत.

ही प्रथा केवळ आपल्याकडेच होती असे नाही. इंग्लंडमध्ये शेक्सपिअरच्या नाटकांतील नायिका मुले करीत. तेथे सन १६६० नंतर स्त्रिया रंगभूमीवर येऊ लागल्या. जपानात सन १६२९ मध्ये राजसत्तेने स्त्रियांना काबुकी नाटकांत काम करण्याची बंदी केली, तेव्हापासून त्या नाटकांतील स्त्रिया पुरुषच रंगवू लागले. चीनमध्ये मेई लानफांग या नटाने स्त्रीभूमिकांमुळे जगभर कीर्ती मिळविली. देश निराळे, भाषा निराळ्या. पण नाटकाच्या दारावर स्त्रीला अडविण्याची रीत मात्र सारखीच होती.

सन १९०१ मध्ये किर्लोस्कर मंडळीचे विख्यात नट भाऊराव कोल्हटकर निवर्तले. त्यांच्या स्त्रीभूमिकांनी मंडळीला वैभव आले होते. त्यांची जागा कोण भरून काढणार, अशी चिंता मंडळीला पडली. नारायणाचा गळा आणि देखणे रूप पाहून अनेकांची दृष्टी त्याच्याकडे वळली. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज कलावंतांचे मोठे आश्रयदाते होते. नारायणाला कानाचा विकार होता. महाराजांनी त्याच्यावर मिरजेस उपचार करविले. पुढे सन १९०५ मध्ये नारायणराव किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले आणि ‘शाकुंतल’ नाटकात शकुंतला होऊन प्रथम रंगभूमीवर आले. भाऊरावांच्या मागे रिकामी झालेली जागा आता भरून निघणार, असा विश्वास मंडळीला वाटू लागला.

रूप आणि गळा ही निसर्गाची देणगी होती. पण तेवढ्यावर नारायणराव थांबले नाहीत. भास्करबुवा बखले यांच्यासारख्या श्रेष्ठ गुरूंकडे त्यांनी गाण्याची कसून तालीम घेतली. स्त्रीची भूमिका करताना आवाज उगीच बारीक करावा, अंगाला हेलकावे द्यावे, डोळे मोडावे, म्हणजे झाली स्त्री, असे कित्येक नटांना वाटे. अशाने प्रेक्षक हसतात. पण नायिकेचे दुःख त्यांच्या मनाला भिडत नाही. नारायणरावांनी हा मार्ग सोडून दिला. स्त्रिया चालतात कशा, पदर सावरतात कसा, राग आला तर ओठांवर येऊ न देता तो कसा गिळतात, हे त्यांनी बारकाईने पाहिले. त्यांची नायिका थोडकेच हावभाव करी. परंतु तिची मान किंचित खाली गेली तरी तिच्या मनातील भाव शेवटच्या रांगेतील माणसाला कळे.

सन १९११ च्या १२ मार्च रोजी मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग होता. नारायणराव त्यात भामिनी या श्रीमंत व मानी तरुणीची भूमिका करणार होते. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी मरण पावली. घरावर दुःखाचा डोंगर कोसळला. प्रयोग पुढे ढकलावा, असे मंडळीला वाटले; पण नारायणरावांनी ते मानले नाही. आपल्या दुःखासाठी जमलेल्या प्रेक्षकांना परत पाठवावयाचे नाही, असा त्यांचा निश्चय होता. रात्री पडदा वर गेला. पोटच्या मुलीला गमावलेला तो पिता भामिनी होऊन हसला, रुसला आणि गायला. ज्यांना ही वार्ता ठाऊक होती, त्यांनी तो प्रयोग कोणत्या मनाने पाहिला असेल, याची कल्पनाच करावी.

सन १९१३ मध्ये नारायणराव, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी ‘गंधर्व नाटक मंडळी’ स्थापन केली. या मंडळीला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय लाभला. सन १९१६ मध्ये आलेल्या ‘स्वयंवर’ नाटकातील रुक्मिणीने तर रसिकांना वेड लावले. या नाटकाच्या पदांना भास्करबुवांनी चाली दिल्या होत्या. शास्त्रीय संगीताचा गंध नसलेले लोकही नाटकातील पदे गुणगुणत घरी जाऊ लागले. साथीला कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवा यांचा तबला असे. खेळासाठी उंची वस्त्रे, अस्सल जरतारी शालू आणि सुगंधी अत्तरे आणावीत, प्रेक्षकांना जे द्यावयाचे ते उत्तमच द्यावे, असा नारायणरावांचा बाणा होता.

त्यांच्या नायिकांचा प्रभाव रंगभूमीपुरता राहिला नाही. बालगंधर्व पातळ कसे नेसतात, अंबाड्यावर गजरा कसा माळतात, दागिने कोणते घालतात, हे पाहून घरोघरच्या स्त्रिया तसे करू लागल्या. एका पुरुषाने स्त्रियांकडून जे शिकून घेतले, तेच आता स्त्रिया त्याच्याकडून शिकत होत्या. ही मोठी नवलाची गोष्ट होती.

पुढे सन १९१९ मध्ये राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक रंगभूमीवर आले. दारूच्या व्यसनाने धुळीस मिळालेल्या एका वकिलाची ही कथा आहे. त्याची पत्नी सिंधू ही नारायणरावांची भूमिका होती. ज्या नटाला प्रेक्षकांनी शालूंनी व दागिन्यांनी नटलेला पाहिले होते, तो आता फाटके लुगडे नेसून उभा राहिला. अंगावर दागिना नाही, घरात अन्न नाही, कडेवर मूल. आणि तरीही पतीविषयी वाईट शब्द नाही, अशी ती सिंधू होती. व्यसनाने घर कसे उद्ध्वस्त होते, हे शंभर व्याख्यानांनी जे पटले नसते ते तिच्या मूक दुःखाने लोकांना पटविले.

सन १९२१ च्या ८ जुलै रोजी टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी मुंबईत ‘मानापमान’चा एक संयुक्त प्रयोग झाला. त्यात नारायणराव भामिनी झाले, तर ‘ललितकलादर्श’ मंडळीचे केशवराव भोसले धैर्यधर झाले. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे नायक देशकार्यासाठी एका रंगभूमीवर उभे राहिले. मात्र याच सुमारास गंधर्व मंडळीवर मोठे कर्ज असल्याचे उघडकीस आले. सढळ हात आणि हिशेबाकडे दुर्लक्ष यांचा हा परिणाम होता. कर्ज फेडण्याची जबाबदारी नारायणरावांनी स्वतःच्या शिरावर घेतली आणि पुढे कित्येक वर्षे खेळामागून खेळ करून ते फेडले.

बालगंधर्वांची कीर्ती अशी शिखरावर असताना काळ मात्र पालटत होता. मुली शाळा-महाविद्यालयांत शिकू लागल्या होत्या. स्त्रीचे सुखदुःख पुरुषाने का सांगावे, ते सांगावयास स्त्री समर्थ नाही काय, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. तो प्रश्न रास्त होता. नाटके पुरुषांनी लिहावी, नायिका पुरुषांनी रंगवाव्या आणि आदर्श स्त्री कशी असावी हे त्या नायिकांकडे पाहून स्त्रियांनी ठरवावे, यात काहीतरी उणे होते. सिंधू सारे सोसते, हे पाहून प्रेक्षक रडले. पण तिने का सोसावे, हे विचारावयास स्त्रीला जागा नव्हती. वास्तविक स्त्रियांच्या अंगी कलेची उणीव कधीच नव्हती. एकोणिसाव्या शतकातही बेळगावकर स्त्री संगीत नाटक मंडळीसारख्या मंडळ्या निघाल्या होत्या आणि त्यांत पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करीत. परंतु पुरुष नटाला शालजोडी मिळे आणि स्त्रीला मात्र बोल ऐकावे लागत.

हळूहळू हे दार उघडले. हिराबाई बडोदेकर यांच्यासारख्या थोर गायिका नाटकांत नायिका होऊन उभ्या राहिल्या. सन १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ या मराठी बोलपटात दुर्गाबाई खोटे यांनी तारामतीची भूमिका केली. सन १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्ना भोळे रंगभूमीवर आल्या. स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करावी, हा विचार रूढ झाला. बोलपटांमुळे नाटकगृहे ओस पडू लागली. नारायणरावांचे वयही आता पन्नाशीकडे झुकले होते.

सन १९३५ मध्ये ‘धर्मात्मा’ या बोलपटात त्यांनी पैठणच्या संत एकनाथांची भूमिका केली. ज्या एकनाथांच्या भारुडांतून आजही पुरुष पदर घेऊन उभे राहतात, त्यांची पुरुषभूमिका बालगंधर्वांच्या वाट्याला यावी, हा एक योगायोगच होय. परंतु समोर प्रेक्षक नसताना यंत्रापुढे अभिनय करण्यात त्यांचे मन रमले नाही. ते पुन्हा रंगभूमीकडे वळले. पुढे त्यांच्या मंडळीत गोहरबाई कर्नाटकी आल्या आणि नायिकेच्या भूमिका करू लागल्या. ज्या जागी आपण एवढी वर्षे उभे राहिलो, त्या जागी एक स्त्री उभी राहिलेली बालगंधर्वांनी आपल्याच मंडळीत पाहिली.

उतारवयात त्यांच्या पायांतील शक्ती गेली आणि दारिद्र्यही आले. पण गाणे व ईश्वरभक्ती यांत त्यांनी मनाची शांती ढळू दिली नाही. सन १९५५ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. सन १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण ही पदवी दिली. १५ जुलै १९६७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. पुण्यात मुठा नदीच्या काठी त्यांच्या नावाचे रंगमंदिर उभारण्यात आले. त्याचे भूमिपूजन सन १९६२ मध्ये स्वतः बालगंधर्वांच्या हस्ते झाले होते. ते रसिकांसाठी खुले झाले २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी. ते पाहावयास मात्र बालगंधर्व उरले नव्हते.

बालगंधर्वांची कला खरी होती, कारण तिच्यात स्त्रीची टवाळी नव्हती. तिला समजून घेण्याची तळमळ होती. दुसऱ्याचे सुखदुःख आपले करून दाखविणे, हाच नटाचा धर्म होय; तेथे पुरुष व स्त्री हा भेद उरत नाही. त्याबरोबर हेही खरे की, ज्या स्त्रियांकडे पाहून ते शिकले, त्यांना त्या काळी रंगभूमीची पायरी चढण्याची मोकळीक नव्हती. दोष सोंगाचा नव्हता. बंद ठेवलेल्या दाराचा होता. या रंगमंदिरात चित्रकार गोपाळ देऊसकर यांनी रंगविलेली बालगंधर्वांची दोन चित्रे आहेत. एकात ते पुरुषवेशात आहेत, तर दुसऱ्यात स्त्रीवेशात. त्याच रंगमंदिरात आज स्त्रिया आपल्या भूमिका स्वतः करतात, नाटके लिहितात आणि ती बसवितात. बालगंधर्वांचे स्मरण करावयाचे ते या दोन्ही गोष्टी मनात ठेवूनच.

स्वाध्याय

१. नारायणाला बालगंधर्व हे नाव कोणी व का दिले?
२. त्या काळी स्त्रियांच्या भूमिका पुरुष का करीत?
३. इतर स्त्रीपार्टी नट आणि बालगंधर्व यांच्या अभिनयात कोणता फरक होता?
४. दोष सोंगाचा नव्हता, बंद ठेवलेल्या दाराचा होता, या विधानाचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा.
५. तुमच्या गावच्या जत्रेत किंवा भारुडात पाहिलेल्या एखाद्या सोंगाचे आठ-दहा ओळींत वर्णन करा. ते पाहून तुम्ही हसलात की हळहळलात, आणि का, तेही लिहा.