रिकाम्या पायरीचा मानकरी

हेलसिंकी, २ ऑगस्ट १९५२. ऑलिम्पिकच्या हेवीवेट मुष्टियुद्धाचा पदकप्रदान सोहळा सुरू होता. अमेरिकेचा एड सँडर्स सर्वांत उंच पायरीवर उभा होता, पण दुसऱ्या क्रमांकाची पायरी रिकामीच होती. त्या पायरीचा हक्कदार होता स्वीडनचा १९ वर्षांचा इंगेमार जोहान्सन. अंतिम लढतीच्या दुसऱ्याच फेरीत पंचांनी त्याला अपात्र ठरवले होते. त्याचे रौप्यपदकही रोखून धरण्यात आले. त्याने कोणतेही गैरकृत्य केले नव्हते. तो लढलाच नाही, एवढाच त्याच्यावर ठपका होता.

खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक पटकावून भारताला अभिमानाचा क्षण दिला, तेच हे हेलसिंकी ऑलिम्पिक. जोहान्सनच्या वाट्याला मात्र तेथे मानहानी आली.

२२ सप्टेंबर १९३२ रोजी गोथेनबर्ग शहरात जन्मलेल्या जोहान्सनच्या उजव्या हातात विलक्षण ताकद होती. पण अंतिम लढतीत समोर उभा ठाकलेला सँडर्स धिप्पाड होता आणि आधीच्या तिन्ही प्रतिस्पर्ध्यांना त्याने नॉकआऊट केले होते. त्याला आधी दमू द्यायचे आणि अखेरच्या फेरीत हल्ला चढवायचा, असा आपला बेत होता, असे जोहान्सन पुढे सांगत असे. प्रत्यक्षात तो रिंगणात मागे मागे सरकत राहिला. पंचांनी समज दिली, तरी त्याचा पवित्रा बदलला नाही. तीन फेऱ्यांच्या हौशी मुष्टियुद्धात इतकी प्रतीक्षा परवडणारी नव्हती. अखेरची फेरी त्याच्या वाट्याला आलीच नाही.

मायदेशी परतलेल्या जोहान्सनला टीकेचे घाव सोसावे लागले. पराभूत खेळाडूला लोक क्षमा करतात, भित्र्याला करीत नाहीत. हौशी खेळातील ही वाट बंद झाल्यावर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याने व्यावसायिक मुष्टियुद्धात पाऊल टाकले. त्यानंतर तो जिंकतच गेला. १९५६ मध्ये इटलीच्या फ्रँको कॅव्हिकीला हरवून तो युरोपचा हेवीवेट विजेता झाला. १९५८ मध्ये गोथेनबर्गला त्याने अमेरिकेच्या एडी मॅकेनला पहिल्याच फेरीत लोळवले आणि जगज्जेतेपदाच्या लढतीचे दार उघडले.

जगज्जेता होता फ्लॉईड पॅटरसन. योगायोग असा, की जोहान्सनची नाचक्की झाली त्याच हेलसिंकीत पॅटरसनने वयाच्या १७ व्या वर्षी मिडलवेट गटाचे सुवर्णपदक जिंकले होते. २६ जून १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर दोघे समोरासमोर आले. जाणकारांचा कौल पॅटरसनच्या बाजूने होता. पहिल्या दोन फेऱ्यांत जोहान्सन डाव्या हाताने अंतर राखत राहिला. उजवा हात त्याने जवळजवळ वापरलाच नाही. मात्र तिसऱ्या फेरीत तो उजवा ठोसा सुटला आणि पॅटरसन कोसळला. त्या एकाच फेरीत तो सात वेळा खाली पडला आणि पंचांनी लढत थांबवली.

म्हणजे जोहान्सनचा पिंड बदलला नव्हता. वाट पाहायची, संधी हेरायची आणि मगच प्रहार करायचा, हीच त्याची रीत होती. १५ फेऱ्यांच्या लढतीने त्याला त्यासाठी पुरेसा अवधी दिला. हेलसिंकीत ज्या संयमाला भ्याडपणा ठरवण्यात आले, त्याच संयमाने त्याला जगाच्या शिखरावर नेऊन बसवले.

ते शिखर फार काळ टिकले नाही. जून १९६० मध्ये पॅटरसनने त्याला पाचव्या फेरीत बेशुद्ध पाडून किताब परत मिळवला. गमावलेले हेवीवेट जगज्जेतेपद पुन्हा जिंकणारा पॅटरसन हा पहिलाच. मार्च १९६१ मधील तिसरी लढतही त्यानेच जिंकली. १९६३ मध्ये जोहान्सन निवृत्त झाला, तेव्हा २८ व्यावसायिक लढतींत त्याच्या नावावर २६ विजय होते. उरलेले दोन्ही पराभव पॅटरसनकडून झालेले होते.

हेलसिंकीच्या विजेत्याचे नशीब मात्र अधिक क्रूर ठरले. सँडर्सही व्यावसायिक झाला. डिसेंबर १९५४ मध्ये बोस्टन येथील लढतीत तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी त्याचे निधन झाले. हौशी खेळातील सर्वोच्च यश मिळवून अडीच वर्षेही उलटली नव्हती.

१९८२ मध्ये, तब्बल ३० वर्षांनी, जोहान्सनला ते रौप्यपदक अखेर देण्यात आले. तोवर जगज्जेतेपद येऊन गेले होते, पैसा आणि कीर्तीही मिळाली होती. तरीही या पदकाचे मोल वेगळे होते. त्यामुळे त्याच्या विजयांच्या संख्येत भर पडली नाही, परंतु तरुणपणी माथी बसलेला डाग पुसला गेला.

एकेकाळचे कट्टर प्रतिस्पर्धी पुढे जिवलग मित्र झाले. जोहान्सन आणि पॅटरसन एकमेकांच्या घरी जात, स्टॉकहोमची मॅरेथॉनही ते एकत्र धावले. उतारवयात दोघांनाही स्मृतिभ्रंशाने ग्रासले. २००६ मध्ये पॅटरसन गेला, तर ३० जानेवारी २००९ रोजी जोहान्सनने जगाचा निरोप घेतला. अखेरच्या काळात त्याच्या आठवणी पुसट होत गेल्या. पण ऑलिम्पिकच्या इतिहासात १९५२ च्या हेवीवेट गटातील दुसऱ्या क्रमांकापुढे आता त्याचे नाव कायमचे कोरले गेले आहे. ती पायरी रिकामी राहिलेली नाही.