आंत्वान लाव्हॉझिए

आंत्वान लॉरां लाव्हॉझिए (२६ ऑगस्ट, १७४३ – ८ मे, १७९४) हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ होते. ज्वलनात ऑक्सिजनचे कार्य स्पष्ट करून त्यांनी आधुनिक रसायनशास्त्राचा पाया घातला. सजीवांचे श्वसन मोजता येते, हे प्रयोगाने दाखवणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते.

जीवन

लाव्हॉझिए यांचा जन्म पॅरिसमध्ये झाला. त्यांनी कायद्याची पदवी घेतली, परंतु ओढा विज्ञानाकडे होता. १७६८ मध्ये ते फ्रेंच विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. त्याच वर्षी त्यांनी राजासाठी कर गोळा करणाऱ्या खाजगी कंपनीत भागीदारी घेतली. या उत्पन्नातून प्रयोगशाळेचा खर्च भागत असे. १७७१ मध्ये त्यांचा विवाह मारी-आन पोल्झ यांच्याशी झाला. प्रयोगांच्या नोंदी ठेवणे, इंग्रजी ग्रंथांचे भाषांतर करणे आणि उपकरणांची चित्रे काढणे ही कामे त्या करीत.

प्राण्याच्या श्वसनाचे मापन

१७८२-८३ च्या हिवाळ्यात लाव्हॉझिए व प्येर-सिमाँ लाप्लास यांनी बर्फाचा उष्णतामापी वापरला. त्याच्या आतल्या कप्प्यात गिनीपिग ठेवून, वितळलेल्या बर्फाच्या वजनावरून शरीराची उष्णता मोजली गेली. दहा तासांत सुमारे १३ औंस बर्फ वितळला. प्राण्याने तेवढ्या वेळात सोडलेला कार्बन डायऑक्साइड स्वतंत्रपणे मोजण्यात आला. तेवढाच वायू कोळसा जाळून मिळवला असता सुमारे साडेदहा औंस बर्फ वितळेल, असे गणित निघाले. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले नाहीत, तरी पुरेसे जवळ होते. त्यावरून श्वसन हे मंद ज्वलन आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. उरलेल्या फरकाचे कारण हायड्रोजनचे ज्वलन होऊन पाणी तयार होणे हे असावे, असे त्यांनी पुढे मांडले.

मानवावरील प्रयोग

यानंतर त्यांचे सहकारी आर्मां सेगें यांनी स्वतःवर प्रयोग करू दिले. तोंडाला मुखवटा लावून त्यांनी वापरलेला ऑक्सिजन मोजला जाई. उपाशीपोटी विश्रांती घेताना तो ताशी सुमारे २४ लिटर, तर वजन उचलताना ताशी सुमारे ६३ लिटर भरला. थंडीत आणि जेवणानंतरही ऑक्सिजनचा वापर वाढला. या प्रयोगांच्या मारी-आन यांनी काढलेल्या चित्रांत त्या स्वतः मेजाशी बसून नोंदी करताना दिसतात.

अकादमीच्या १७८९ च्या निबंधखंडातील लेखात या मापनातून एक सामाजिक प्रश्नही उपस्थित केला आहे. कष्टकरी माणसाच्या शरीराची झीज अधिक होते, म्हणून त्याला अन्नही अधिक लागते; प्रत्यक्षात मुबलक अन्न मात्र श्रम न करणाऱ्या श्रीमंताला मिळते, या विसंगतीकडे लेखकांनी लक्ष वेधले.

मृत्यू

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात करवसुली करणाऱ्यांविषयी तीव्र रोष होता. १७९३ मध्ये लाव्हॉझिए यांना अटक झाली. ८ मे, १७९४ रोजी क्रांतिकारी न्यायालयाने त्यांच्यासह २८ करवसुलीदारांना मृत्युदंड दिला आणि त्याच दिवशी गिलोटिनखाली त्यांचा शिरच्छेद करण्यात आला. मृतांत मारी-आन यांचे वडीलही होते. श्वसनावरील संशोधन अपूर्ण राहिले. लाव्हॉझिए यांचे निबंध मारी-आन यांनी पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

महत्त्व

हे ज्वलन फुप्फुसांत घडते, असा लाव्हॉझिए यांचा समज होता. ते शरीरातील पेशींमध्ये घडते, हे एकोणिसाव्या शतकात स्पष्ट झाले. त्यांच्या मापनाचे तत्त्व मात्र टिकून राहिले. अंकुरित बियांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड अल्कलीत शोषून घेऊन, हवेच्या घटत्या आकारमानावरून श्वसनाचा दर काढण्याचा शालेय प्रयोग याच तत्त्वावर आधारलेला आहे.