एर्न्स्ट रुस्का : धातूंच्या अंतरंगाला डोळे देणारा अभियंता

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे जनक एर्न्स्ट रुस्का यांचा जन्म २५ डिसेंबर १९०६ रोजी जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झाला. वडील विज्ञानाच्या इतिहासाचे अभ्यासक होते. सात भावंडांत एर्न्स्ट पाचवे. म्युनिक आणि पुढे बर्लिन येथील तांत्रिक महाविद्यालयांत त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. बर्लिनमध्ये मॅक्स क्नोल यांच्या मार्गदर्शनाखाली काम सुरू केले तेव्हा ते विद्यार्थीच होते.

तारेच्या वेटोळ्यातून वीजप्रवाह वाहू लागला की निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनांचा झोत भिंगाप्रमाणे एकत्र आणते. अशी दोन भिंगे एकापुढे एक ठेवून क्नोल आणि रुस्का यांनी एप्रिल १९३१ मध्ये प्रतिमा मिळवली. ती जेमतेम १७ पट मोठी होती. हातातल्या भिंगाहून फारशी सरस नव्हे. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागाहून लहान तपशील वेगळे दाखवता येत नाहीत, कारण प्रकाशाच्या लहरींची लांबीच आड येते. इलेक्ट्रॉनांनाही लहरी असतात हे कानी आले तेव्हा रुस्का निराश झाले. मग त्यांनी गणित मांडले. या लहरी प्रकाशलहरींपेक्षा सुमारे एक लाख पट आखूड निघाल्या आणि निराशेची जागा उमेदीने घेतली. १९३३ च्या अखेरीस त्यांच्या नव्या उपकरणाने १२,००० पट वर्धन साधून प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला मागे टाकले.

तरीही कोणी पैसे देईना. झोताच्या उष्णतेने नमुना जळून जाणार, मग पाहायचे काय, हा आक्षेप जाणकारांचा होता आणि तो अगदीच पोकळ नव्हता. रुस्का यांनी दूरचित्रवाणीच्या एका कंपनीत नोकरी धरली. धाकटे बंधू हेल्मुट, जे वैद्यकाचे पदवीधर होते, आणि सहकारी बोडो फॉन बोरीस यांच्यासह सुमारे तीन वर्षे ते दारोदार फिरले. अखेर वैद्यकाचे प्राध्यापक झीबेक यांच्या अनुकूल अभिप्रायाने बाजू बळकट झाली. १९३७ मध्ये सीमेन्स कंपनीने प्रयोगशाळा दिली आणि १९३९ मध्ये विक्रीसाठीचे उपकरण बाहेर पडले.

इतिहासाचे अभ्यासक म्हणून येथे एक नोंद करणे आम्हांस आवश्यक वाटते. मे १९३१ मध्येच याच कल्पनेचे एकस्व मागणारे सीमेन्सचे राइनहोल्ड र्‍यूडेनबर्ग हे ज्यू वंशाचे होते. १९३६ मध्ये त्यांना जर्मनी सोडावी लागली. जन्मावरून माणसाची लायकी ठरवणाऱ्या राज्याने आपलेच ज्ञानवंत हाकलले. हा प्रकार आपल्या समाजाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

धातू वाकतो कसा, हा प्रश्न त्या काळी अनिर्णित होता. अणूंच्या रांगा निर्दोष असत्या तर धातू वाकवायला प्रत्यक्षाहून शेकडो, कधी हजारो पट बळ लागले असते. १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे उत्तर सुचवले : स्फटिकात अणूंचा एखादा थर मध्येच संपतो, आणि बळ लावले की हा दोष एकेक पाऊल पुढे सरकतो. अंथरलेली मोठी सतरंजी ओढून हलत नाही. पण तिला एका टोकाशी सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेली तर सहज सरकते. तसेच हे. तांब्याची तार पुन्हा पुन्हा वाकवली की कडक होते, कारण असे दोष वाढून एकमेकांत गुंततात. ती तापवली की पुन्हा मऊ पडते. मात्र वीस वर्षांहून अधिक काळ हे दोष आपल्या जागी हलताना कोणी पाहिले नव्हते. पारखून मग स्वीकारावे, अशी शिकवण असलेल्या आपणां बौद्धांना त्या काळातील शंकेखोरांचा राग येऊ नये.

युद्धाने विस्कटलेले काम रुस्का यांनी पुन्हा उभे केले. १९५४ मध्ये त्यांच्या देखरेखीखाली घडलेला ‘एल्मिस्कोप’ बाजारात आला. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत पीटर हिर्श, रॉबर्ट हॉर्न आणि मायकेल व्हीलन यांनी त्याखाली ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवला. तो मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास जाडीचा, इलेक्ट्रॉन आरपार जातील इतका पातळ केलेला होता. दोषाभोवती अणूंचे थर किंचित वाकलेले असतात, ते इलेक्ट्रॉनांना वेगळ्या दिशेने वळवतात, म्हणून तेथे काळी रेघ उमटते. १९५६ मध्ये या रेघा त्यांच्या डोळ्यांदेखत सरकल्या. त्याच वर्षी जिनिव्हात बोलमन यांनी पोलादातील असे दोष दाखवले. हिर्श हे मूळचे बर्लिनचे ज्यू. बालपणी निर्वासित होऊन इंग्लंडला आलेले. ज्या शहराने त्यांना नाकारले, त्याच शहरात घडलेल्या यंत्रातून त्यांनी हे पाहिले, याचे आम्हांला फार अप्रूप वाटते.

१९५५ पासून रुस्का बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर संस्थेत होते. नोबेल पारितोषिक १९८६ मध्ये, वयाची ऐंशी वर्षे पूर्ण होण्यास पंधरा दिवस उरले असताना, त्यांच्या हाती आले. अर्धा वाटा त्यांचा, उरलेला बिनिग व रोहरर यांचा. तोवर फॉन बोरीस, क्नोल आणि हेल्मुट तिघेही काळाच्या पडद्याआड गेले होते. २७ मे १९८८ रोजी बर्लिन येथे रुस्का यांचे निधन झाले.