घटना देणार कोण?

नेपाळच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान १८ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाले. ज्या घटनेनुसार ही निवडणूक व्हावयाची, ती घटना राजे महेंद्र यांनी जाहीर केली १२ फेब्रुवारीस. म्हणजे अवघे सहा दिवस अगोदर! मतदारांनी तिचे एकही कलम पारखले नव्हते. १८ फेब्रुवारी ही तारीखही साधी नव्हे. आठ वर्षांपूर्वी, १९५१ साली, याच दिवशी महेंद्रांचे वडील राजे त्रिभुवन यांनी लोकनियुक्त घटनासमिती देशाची घटना तयार करील असे अभिवचन प्रजेला दिले होते. त्या अभिवचनाचा वाढदिवस त्याला मूठमाती देऊन साजरा झाला.

या निवडणुकीत १०९ पैकी ७४ जागा जिंकून नेपाळी काँग्रेसचे नेते विश्वेश्वर प्रसाद कोइराला पंतप्रधान झाले. घटनासमितीची मागणी वर्षानुवर्षे करणाऱ्या या पुरुषाने दान म्हणून आलेली घटना स्वीकारून राज्यकारभार हाती घ्यावा, यात विसंगती आहे. परंतु त्यांच्या आयुष्याची शोकांतिका उलगडते ती नेमकी या विसंगतीतूनच.

कोइरालांचा जन्म १९१४ साली बनारसला झाला. वडील कृष्णप्रसाद हे विराटनगरचे व्यापारी. पोटासाठी डोंगर उतरून आलेल्या गरिबांच्या अंगावरची लक्तरे त्यांनी राणा पंतप्रधान चंद्र शमशेर यांना पार्सलने पाठवून दिली. प्रजेचे दारिद्र्य सत्ताधीशाच्या नजरेस आणण्याचा हा मार्ग अर्थातच महागात पडला आणि कुटुंबाला परागंदा होऊन भारतात यावे लागले. पुढे राणांच्या कैदेतच कृष्णप्रसादांचा अंत झाला. १८४६ पासून नेपाळात राजा नामधारी होता आणि पंतप्रधानपद राणा घराण्यात वारशाने चालत होते.

बनारस हिंदू विश्वविद्यालयात शिकत असलेला हा तरुण १९३४ च्या सुमारास काँग्रेस समाजवादी पक्षात ओढला गेला. ज्या पक्षाची कल्पना आपल्या नाशिकच्या तुरुंगात आकाराला आली, तोच हा पक्ष. जयप्रकाश नारायण आणि राममनोहर लोहिया यांच्याशी जडलेला स्नेह कोइरालांनी पुढे जन्मभर जपला. कलकत्त्यास कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी काही काळ दार्जिलिंगला वकिलीही केली. १९४२ च्या आंदोलनात ब्रिटिशांनी त्यांना तुरुंगात टाकले. सुटकेनंतर जानेवारी १९४७ मध्ये कलकत्त्यास त्यांच्या पुढाकाराने नेपाळी राष्ट्रीय काँग्रेस स्थापन झाली. मार्चमध्ये विराटनगरच्या ताग गिरणीतील कामगारांच्या संपात ते उतरले आणि राणांचे कैदी झाले.

नोव्हेंबर १९५० मध्ये राजे त्रिभुवन यांनी काठमांडूतील भारतीय वकिलातीत आश्रय घेतला आणि काँग्रेसने राणांविरुद्ध सशस्त्र उठाव केला. दिल्लीत तडजोड झाली. तीत लढणाऱ्या काँग्रेसपेक्षा राजा, राणा आणि भारत सरकार यांचाच शब्द अधिक चालला. राणा मोहन शमशेर पंतप्रधान आणि कोइराला गृहमंत्री, असे विजोड मंत्रिमंडळ काही महिन्यांतच कोसळले. त्यानंतर राजाने पंतप्रधान म्हणून निवडले ते कोइरालांचे सावत्र बंधू मातृका प्रसाद यांना. घटनासमितीची निवडणूक मात्र दर वर्षी पुढे ढकलली जात होती. १९५४ मध्ये तर सर्वोच्च अधिकार राजाच्याच ठायी आहे, असे जाहीर करण्यात आले. राणांच्या हातची सत्ता प्रजेकडे जाण्याऐवजी सिंहासनाकडे परत गेली होती.

१९५५ मध्ये गादीवर आलेले राजे महेंद्र वडिलांपेक्षा अधिक करारी आणि अधिक हिशेबी होते. निवडणुकीसाठी विरोधी पक्षांनी १९५७ च्या डिसेंबरात सत्याग्रह केला, तेव्हा त्यांनी निवडणूक देऊ केली; पण ती घटनासमितीची नव्हे, संसदेची. घटना एक नियुक्त समिती सर आयव्हर जेनिंग्ज या ब्रिटिश घटनापंडिताच्या साहाय्याने लिहिणार होती. कोइरालांपुढे दोनच वाटा होत्या. नकार द्यावा, तर निवडणूक आणखी किती वर्षे लांबेल याचा भरवसा नाही. होकार द्यावा, तर घटनेचा उगम राजाच्या मर्जीत आहे हे तत्त्व मान्य केल्यासारखे होणार. त्यांनी होकार दिला. एकदा लोकांनी निवडलेले सरकार अधिकारावर आले की राजाच्या अधिकाराला आपोआप मर्यादा पडतील, असा त्यांचा अदमास असावा. तो अगदीच भाबडा होता असे म्हणता येणार नाही. इंग्लंडात पार्लमेंटने राजाला असेच हळूहळू बांधून घेतले. परंतु त्याला तेथे शतके लागली आणि कोइरालांच्या वाट्याला आले दीड वर्ष.

घटनेत लोकप्रतिनिधींची सभा होती, ३६ जणांचे वरिष्ठ सभागृहही होते. त्यातले निम्मे राजाने नेमावयाचे. कार्यकारी सत्ता राजाचीच. शिवाय कलम ५५ होते. गंभीर संकट उद्भवल्याचे राजाचे मत झाले, तर सर्व अधिकार तो स्वतःकडे घेऊ शकत होता.

या दीड वर्षाचे मोल घटनाशास्त्रापेक्षा अर्थशास्त्राच्या अंगाने अधिक कळते. नेपाळात राजाने वा राणांनी मर्जीतल्या कुटुंबांना दिलेल्या जमिनींस बिर्ता म्हणत. आपल्याकडील इनामांचाच हा प्रकार. बहुतेक बिर्तांवर सारा नाही आणि कुळावरचा अंमल जवळजवळ निरंकुश. शेतीवर जगणाऱ्या देशाची उत्तम जमीन अशी करमुक्त राहिली, तर शाळा, रस्ते आणि कालवे यांसाठी पैसा यावयाचा कोठून? कोइराला सरकारने १९५९ मध्येच बिर्ता रद्द करणारा कायदा केला आणि छोट्या संस्थानिक राजांचे उरलेसुरले हक्कही मोडीत काढले. राजवाड्याभोवतीचे सारे हितसंबंध त्यामुळे दुखावले. निवडणुकीत पराभूत झालेले पुढारी राजाकडे खेटे घालून सरकार घालवा म्हणू लागले. काँग्रेसला मते मिळाली होती सुमारे ३७ टक्के, जागा दोनतृतीयांशांहून अधिक. विरोधकांच्या असंतोषाला हा आकडा आधार देत होता. तथापि संसदेतील गाऱ्हाणे राजवाड्यात नेणाऱ्यांनी स्वतःच्याही पायाखालची फळी काढून घेतली, हे त्यांना लवकरच उमगले.

१५ डिसेंबर १९६० रोजी कोइराला तरुणांच्या अधिवेशनात असताना सैन्याने त्यांना अटक केली. कलम ५५ चा आधार घेऊन राजाने मंत्रिमंडळ बडतर्फ केले, संसद मोडली. १९६१ च्या आरंभी सर्वच पक्षांवर बंदी आली. राजाकडे खेटे घालणाऱ्यांचे पक्षही त्यात गेले. डिसेंबर १९६२ मध्ये राजाने पंचायत व्यवस्थेची नवी घटना दिली. ग्रामपंचायतीपासून राष्ट्रीय पंचायतीपर्यंत पायऱ्या, पक्षांना मज्जाव आणि शिखरावर राजा. या व्यवस्थेच्या प्रमुख शिल्पकारांत तुलसी गिरी होते. कोइरालांच्या मंत्रिमंडळात हे मंत्री राहिले होते.

काठमांडूजवळच्या सुंदरीजलच्या बंदिवासात खटल्याविना आठ वर्षे गेली. विद्यार्थिदशेत हिंदीत कथा लिहिणारे आणि नेपाळी कथेत मानवी मनाचा तळ शोधणारे कोइराला येथे पुन्हा लेखणीकडे वळले. ‘सुम्निमा’ ही कादंबरी तेथलीच. राजकारण्याची पुस्तके सहसा त्याच्या पदामुळे वाचली जातात. कोइराला पंतप्रधान झाले नसते तरी नेपाळी साहित्यात त्यांचे स्थान राहिले असते.

१९६८ मध्ये सुटका होताच ते भारतात आले. विजनवासात सशस्त्र लढ्याचे प्रयत्न झाले, १९७३ मध्ये त्यांच्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी विमान पळवून सरकारी रोकड लुटली; पण राजसत्ता हलली नाही. लोकशाहीवादी म्हणून या पर्वाचे समर्थन करणे अवघड आहे. मग ३० डिसेंबर १९७६ रोजी राष्ट्रीय समेटाची भूमिका घेऊन गणेशमान सिंहांसह ते काठमांडूस उतरले. देहदंडाची शिक्षा होऊ शकेल असे आरोप डोक्यावर होते. विमानतळावरच अटक झाली. घशाच्या कर्करोगावर उपचारांसाठी त्यांना अमेरिकेस जाऊ देण्यात आले. तेथेच राहणे शक्य असूनही ते परतले आणि खटल्यास सामोरे गेले.

१९७९ च्या वसंतात विद्यार्थी रस्त्यावर आले. राजे वीरेंद्र यांनी २४ मे रोजी सार्वमत जाहीर केले: सुधारित पंचायत की बहुपक्षीय पद्धती? शासनयंत्रणा सर्वस्वी पंचायतवाल्यांच्या हाती असताना २ मे १९८० रोजी मतदान झाले. पंचायतीच्या बाजूस सुमारे ५५ टक्के, विरुद्ध बाजूस ४५. सरकारने पैसा आणि अधिकार वाटेल तसा वापरल्याचे आरोप झाले. कोइरालांनी निकाल मान्य केला. सहकारी चकित झाले, काही संतापलेही. पण ज्याची सारी तक्रार लोकांना कधी विचारलेच नाही ही होती, त्याला लोकांना विचारल्यावर आलेले उत्तर नाकारता येत नव्हते. त्यानंतरची घटनादुरुस्ती मात्र पुन्हा राजाच्याच फर्मानाने झाली. तीत प्रौढ मताधिकार आला, पक्षांवरील बंदी राहिली आणि १९८१ च्या निवडणुकीवर कोइरालांनी बहिष्कार घातला.

२१ जुलै १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. १९९० मध्ये गणेशमान सिंहांच्या नेतृत्वाखालील आंदोलनाने पंचायत संपली. तेव्हाही घटना आली ती राजाच्या घोषणेने. घटनासमितीची पहिली निवडणूक झाली एप्रिल २००८ मध्ये, अभिवचनानंतर सत्तावन्न वर्षांनी. त्या समितीने पहिल्याच बैठकीत राजेशाही रद्द केली, पण घटना पुरी करता न आल्याने ती विसर्जित झाली. दुसऱ्या घटनासमितीची घटना २० सप्टेंबर २०१५ रोजी अमलात आली, तेव्हा पंतप्रधान होते कोइराला घराण्यातलेच सुशील कोइराला. आणि तराईतील मधेसी त्या घटनेविरुद्ध रस्त्यावर होते.